किनारीचा शिक्का

बिशाराने खुंटीवरचा सिदराकचा शिक्का काढला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पीठ मळायला बसला.

चर्चच्या अंगणातल्या भट्टीवर पवित्र भाकर भाजणारे ते दोघेच. आधी बिशारा भाजायचा, तो बाहेर पडला की सिदराक. पीठ एकच, भट्टी एकच; फरक भाजण्याआधी भाकरीवर दाबायच्या लाकडी शिक्क्याचा. क्रूस दोघांच्याही शिक्क्यांवर होते, पण सिदराकच्या शिक्क्याला कडेने बारीक किनार होती. आणि दर रविवारी चर्चचे धर्मगुरू आबूना बिसेंती टोपलीतून वेदीसाठी जी एक भाकर निवडायचे, ती किनारीचीच. बाकीच्या भाकरी लोकांनी वाटून खायच्या. बिशाराची भाकर जन्मात वेदीवर गेली नव्हती.

हा मत्सर त्याने पापकबुलीत सांगूनही टाकला होता. आबूना म्हणाले होते, "रोज नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना कर."

"केली की, आबूना," तो पुढच्या खेपेला म्हणाला. "म्हटलं, देवा, सिदराकला लवकर तुझ्याकडे बोलावून घे."

"बिशारा!"

"मनातलं सांग म्हणालात ना?"

घरी दिम्यानाचं, त्याच्या बायकोचं, वेगळंच. "अबू मीना," थोरल्या मीनाचा बाप म्हणून ती त्याला अशीच हाक मारायची, "त्या सिदराकची नजर बरी नाही हं. आपल्या पोरांकडे टक लावून बघतो. स्वतःला मूल नाही ना."

"बघू दे! मान त्याचा, नाव त्याचं. आपल्याकडे बघण्यासारखं आहे काय?"

आज जत्रेचा रविवार. सगळं गाव लोटलं होतं. बिशाराचा बेत साधा होता. आपल्या भाकरींवर किनारीचा शिक्का मारायचा. आबूना किनार बघून तीच उचलणार. मग भर अंगणात शिक्का खिशातून काढून ओरडायचं, भाकर माझी होती! इतकी वर्षं लाकडाच्या किनारीला मान दिलात! पीठ मळताना स्तोत्रं म्हणायची असतात; आज तो शत्रूंचा नायनाट करणारी स्तोत्रं तेवढी शोधून म्हणत होता.

त्याने भाकरी भाजल्या, झाकल्या, शिक्का खिशात टाकला आणि निघाला. मग सिदराक आत गेला.

थोड्या वेळाने दोघांनी आपापल्या भाकरींची एकच टोपली वेदीच्या दाराशी धरली. आबूनांनी किनारीची एक भाकर उचलली, परत ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. तिसरी मात्र तळहातावर घेऊन बोटाने हळूच पुसली आणि कपड्यात गुंडाळून आत नेली.

तिला किनार नव्हती.

म्हणजे शिक्का बिशाराचा. पण बिशाराने तो आज हातातही धरला नव्हता. भाकर सिदराकचीच! स्वतःचा शिक्का सापडला नाही म्हणून लेकाने माझा उचलला, आणि तरी जिंकला!

मागच्या म्हाताऱ्याने त्याची पाठ थोपटली. "लागला की रे शेवटी तुझा नंबर!"

बिशाराच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रार्थना संपू दे, सांगतोच सगळ्यांना, सिदराकने माझा शिक्का चोरला म्हणून.

तेवढ्यात पुढून सेवकाची हाक आली, "एकमेकांना शांतीने भेटा." सगळे शेजाऱ्याकडे वळून हातात हात देऊ लागले. सिदराकनेही हात पुढे केला. बिशाराचा हात खिशातच होता, शिक्क्यावर आवळलेला.

"तुझ्या पोरांवरून मी फार जळायचो रे," सिदराक हलक्या आवाजात म्हणाला. "आबूनांना सांगितलं, तर म्हणाले, ज्याच्यावर जळतोस त्याला तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं देऊन टाक. माझ्या हातची भाकर सोडून माझ्याकडे आहे काय? म्हणून आज आत आल्या आल्या तुझाच शिक्का उचलला. माझा खुंटीवर आहे का, तेसुद्धा बघितलं नाही."

त्याचे डोळे भरून आले होते, पण तो हसत होता.

"आणि टोपलीत बघतो, तर तुझ्या भाकरींवर माझा शिक्का! बिशारा, तुलाही आबूनांनी हेच सांगितलं होतं ना?"