कपाळावरचा क्रूस

निदान आज तरी म्हातारी बाकावर नसावी, असं येर्नेयला वाटत होतं. पण शेवटचं वळण घेतलं आणि ती दिसलीच.

घळीच्या तोंडाशी, जिथून धबधब्याची वाट वर चढते, तिथंच तिचा बाक होता. पायांत खिळे मारलेले पुरुषी बूट, मांडीवर निळ्या लोकरीचं विणकाम, शेजारी चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याची बाटली. वर निघालेल्या प्रत्येकाला ती थांबवी. अंगठा ओला करून त्याच्या कपाळावर क्रूस काढी. "जा, आणि परत ये," एवढंच म्हणे.

येर्नेयच्या मागे त्रिएस्ते शहरातून आलेली पाहुणेमंडळी होती, आणि सगळ्यांत शेवटी राकोवेत्स साहेब. वाटाड्यांची कंपनी त्यांची. उन्हाळ्यापुरतं ठेवलेल्या येर्नेयला कायम करायचं की नाही, ते आज सोबत चालून बघणार होते. नाही म्हणाले, तर दर साल तेच व्हायचं. पानं गळायला लागली की सरहद्दीपलीकडे ऑस्ट्रियात कारखान्यात जायचं, ते बर्फ वितळेपर्यंत.

पाहुणे रांगेनं वाकले. एका जाड्या गृहस्थांनी रुमालानं कपाळ पुसलं. "झालं, तिकिटावर शिक्का बसला," ते म्हणाले. सगळे हसले. येर्नेयही हसला.

"हे काय प्रकरण आहे?" राकोवेत्सनी हळूच विचारलं.

"गावातली आहे कुणीतरी."

"रोज बसते?"

"नेम आहे म्हणतात तिचा. नवरा एकदा पहाटे घाईघाईत डोंगरावर गेला. कपाळावर क्रूस काढून घ्यायला थांबला नाही. तो परत आलाच नाही."

"अरेरे." राकोवेत्सनी बाकाकडे बघितलं. मग व्यवहारावर आले. "पण येर्नेय, लोक इथं डोंगर बघायला येतात. दारातच कुणी मरणाची आठवण करून दिलेली चालत नाही. हा बाक हलवू या. फोटो काढायला जागा होईल. तिच्या घरच्यांना तू सांगशील?"

"घरचं कुणी असेल असं वाटत नाही, साहेब."

"तू तर याच गावचा ना?"

"गाव पसरलेलं आहे," येर्नेय म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेली नव्हती.

पाहुण्यांमध्ये ओर्नेला नावाच्या एक वयस्क बाई होत्या. त्यांचं लक्ष येर्नेयवरच होतं. "अहो वाटाडे, सगळ्यांचं कपाळ ओलं झालं, तुमचंच कोरडं. तुमच्या कपाळावर नाही का काढत ती?"

"मी रोजचा आहे. मला सूट आहे."

पुन्हा हसू झालं. म्हातारी खाली बघून टाके मोजत राहिली. येर्नेयच्या बुटांतून वर आलेल्या मोज्यांना निळा काठ होता. तो त्यानं विजारीखाली झाकून घेतला.

धबधबा त्या दिवशी सुरेख होता. उन्हात तुषारांवर इंद्रधनुष्य उमटलं होतं. येर्नेय छान बोलला. कड्यांवर उड्या मारणाऱ्या शामवा हरणांच्या गोष्टी सांगितल्या. ओल्या खडकावर ओर्नेलाबाईंचा हात धरून एकेक पाऊल टाकायला लावलं. जाडे गृहस्थ दमले तेव्हा त्यांची पिशवी स्वतः घेतली. राकोवेत्स मागून समाधानानं मान हलवत होते. पण परत खाली यायची वेळ झाली तसा येर्नेय रेंगाळू लागला.

म्हातारी अजून बसलेली होती. सकाळी वर गेलेले सगळे उतरल्याशिवाय ती उठत नसे.

राकोवेत्स तिच्यासमोर उभे राहिले. "आजीबाई, थंडी वाजेल. घरी नेणारं कुणी नाही का? मुलंबाळं?"

येर्नेय दोन पावलांवर होता. त्याला बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण साहेबांकडे बघून ते मिटलं.

म्हातारीनं वर बघितलं. नजर राकोवेत्सवरून येर्नेयच्या बुटांवर गेली, तिथं थोडी थांबली आणि परत आली.

"एक मुलगा होता, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "डोंगरानं नेला."

जाड्या गृहस्थांनी रुमाल खिशात कोंबला. राकोवेत्सनी टोपी काढली. "माफ करा, आजी. बसा तुम्ही. हा बाक इथंच राहील."

"देव भलं करो," ती म्हणाली आणि विणकाम गुंडाळू लागली.

सगळे गाडीतळापर्यंत आले. तिथं त्यांनी येर्नेयच्या खांद्यावर हात ठेवला. "आपण हलवायला निघालो होतो तिला. मला स्वतःचीच लाज वाटली बघ. नवराही गेला, मुलगाही गेला. तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"रोज तिच्यासमोरून जातोस. कधी तरी टोपी काढत जा रे." मग ते जरा हसले. "सोमवारपासून ये. कायमचा."

येर्नेयनं मान डोलावली. आभार मानायचे राहून गेले.

घरी जायला त्यानं लांबची वाट धरली. चर्चला वळसा घातला, ओढ्यावरच्या पुलावर उगाच उभा राहिला. उजेड कमी होत चालला, तेव्हा कुठे तो अंगणात शिरला. उंबऱ्याशी खिळे मारलेले पुरुषी बूट पुसून नीट लावलेले होते. त्यानं आपले बूट काढून त्यांच्या शेजारी ठेवले.

आत चुलीवर कुट्टूच्या पिठाची उकड शिजत होती. टेबलावर आंबट दुधाचं भांडं आणि दोन चमचे. त्याच्या खुर्चीच्या पाठीवर निळ्या काठाच्या मोज्यांचा नवा जोड वाळत होता.

"साहेब मनाचे चांगले आहेत रे," उकड ढवळता ढवळता, मागे न बघता ती म्हणाली. "मग बाळा, दिली का नोकरी?"