नाण्याला कडी

"मामी, हे बघा ना!" साखरपुड्याची साडी नेसलेल्या भाचीने गळ्यातलं पदक पुढे केलं आणि हेमांगीने वाकून ते निरखून पाहिलं. ते तिचं नाणं होतं. सोनाराने डाग देऊन त्याला कडी बसवली होती.

एका जुन्या संस्थानात राजाच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवासाठी पाडलेलं ते सोन्याचं नाणं तिने आपल्या संग्रहासाठी कित्येक वर्षं शोधलं होतं. टाकसाळीतून निघालं तसंच, एकही ओरखडा नसलेलं; त्यातच त्याची खरी किंमत होती. सुती हातमोजे घातल्याशिवाय ती स्वतःही त्याला हात लावत नसे.

"कपाटात नुसतं पडून होतं," शेजारी उभा असलेला तिचा नवरा हसत म्हणाला. "म्हटलं, पोरीच्या गळ्यात तरी शोभेल. आणि सोनं कुठे गेलंय? उलट सोनाराने घासून चकचकीत करून दिलंय."

"घासलंसुद्धा?"

"अगं, फुकटात!"

तेवढ्यात भाची नमस्काराला वाकली. पोरीचा यात काय दोष? हेमांगीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आशीर्वाद दिला, "तुझ्या वस्तूला हात लावण्याआधी तुझा नवरा तुला विचारो."