मनगटावरचा नंबर

सुट्टीच्या दिवशी फिरायला निघताना मी चिमणीच्या मनगटावर पेनानं माझा फोन नंबर लिहितो. बायको हसते, "पोरगी आहे की पार्सल?"

काल प्राणिसंग्रहालय झालं, आज मत्स्यालय. ही गर्दी! बायको बाळाला घेऊन पुढं गेली. मी चिमणीचा हात घट्ट धरून शार्कच्या काचेसमोर थांबलो. शार्कनं एका माशाचे दोन तुकडे केले. चिमणी खदखदून हसली. एरवी झुरळ मारलं तरी रडते ती.

तेवढ्यात फोन वाजला.

"तिकीट खिडकीवरून बोलतेय. तुमची मुलगी सापडलीय. मनगटावर हाच नंबर आहे. नुसती रडतेय हो, जवळ गेलं की चावते."

"अहो बाई, माझी मुलगी माझा हात धरून उभी आहे!" मी खेकसलो.

पलीकडं झटापट झाली आणि चिमणीची किंकाळी कानात घुसली, "बाबा, तिचा हात सोड!"

मी खाली पाहिलं. मनगट कोरं होतं. मी हात झटकला, तर तिची पकड आवळली आणि माझं बोट कडकन मोडलं.

दुसरं बोट मागं वाकवत ती लाडानं म्हणाली, "बाबा, चल ना, आता बाळाकडे जाऊ."