फुली नसलेली जागा

"चार वाजता ब्लॉकवाला दार लावतो," लेमबर्ग म्हणाला. "आत्ता तीन वीस झालेत. मी तुला घाई करत नाहीये, मिन्ना."

"हो ना. अर्धा तास झाला, घाई न करता माझ्या खांद्यापाशी उभे आहात."

संपादक एक पाऊल मागे सरकला. या पानाचा छपाईचा ठसा ब्लॉकवाल्याकडे व्हायचा होता. मिन्नाने ब्रश शाईत बुडवला आणि रद्दी कागदावर फिरवून त्याला टोक आणलं. तिच्या कोटाच्या डाव्या बाजूला सुतकाची फाडलेली काळी फीत होती. पानावरचं पेन्सिलकाम तिच्या वडिलांचं होतं. गर्शॉन पिंचुक चित्रं पेन्सिलने काढत आणि त्यांची मुलगी त्यावर शाई चढवी. लढाई सुरू झाल्यापासून 'पोलादी पाच' या चित्रकथेचा प्रत्येक अंक या दोघांच्या हातून गेला होता. नऊ दिवसांपूर्वी गर्शॉन याच टेबलापाशी, याच पानावर डोकं टेकून गेले. ज्यू रिवाजाप्रमाणे सुतकाचे सात दिवस घरात बुटक्या स्टुलावर बसून काढल्यावर मिन्ना आज कामावर आली होती.

सात चौकटी झाल्या होत्या. आठवी उरली होती. इटलीतला पूल उडाला आहे, धुरातून पोलादी पाच परत येत आहेत. चौघं स्पष्ट होते. पाचवा दीपस्तंभ, कपाळावर दिवा असलेला, ज्याने सुरुंग पेटवला तो. पुलाच्या तोंडाशी, जिथे तो असायला हवा, तिथे गर्शॉननी बारीक बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. पेन्सिलवाल्याने फुली मारली की शाईवाल्याने तिथे सपाट काळं भरायचं. का, म्हणून विचारायचं नाही.

"तुला काही बोलला होता का गर्शॉन?" लेमबर्गने विचारलं. "दीपस्तंभाला मारतोय की वाचवतोय?"

"संपादक तुम्ही आहात."

"मी विचारलं तर म्हणाला, पान हातात आलं की कळेल. आलं पान. फुल्या दिसतायत."

"मग फुल्याच," पलीकडच्या टेबलावरून म्हातारा व्हिटो म्हणाला. पात्रांच्या तोंडचे संवाद फुग्यांत लिहिणं हे त्याचं काम. शेवटच्या चौकटीत फुगा नव्हता, म्हणून तो कांद्याचं सँडविच खात बसला होता. "गर्शॉन उगाच फुली मारणारा माणूस नव्हता."

"तुला कुणी विचारलं?"

"मला कधीच कुणी विचारत नाही. म्हणून तर दुसऱ्यांची वाक्यं लिहितो."

मिन्ना हसली नाही. ती वाकून बघत होती. फुल्यांच्या खाली पेन्सिलची फिकट आकृती होती: बूट, पट्टा, छाती. आणि हनुवटी. ती हनुवटी तिच्या भावाची होती. हर्शल फौजेच्या जहाजावर चढला त्या आठवड्यात पपांनी दीपस्तंभाची जुनी चौकोनी हनुवटी काढून त्याला हर्शलची दिली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना कळलं होतं. डिसेंबरपासून इटलीहून हर्शलचं पत्र नव्हतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. पपा रोज सकाळी खाली जाऊन टपालाची पेटी उघडत, बंद करत आणि कामावर निघत.

म्हणजे पपांनी ठरवून टाकलं होतं. घरी तोंडातून न निघालेलं इथे कागदावर मारून ठेवलं होतं.

"तीन अठ्ठावीस," लेमबर्ग म्हणाला.

तिने खालून सुरुवात केली. बूट गेले. पट्टा गेला. हनुवटीपाशी ब्रश थांबला. व्हिटोने सँडविच कागदावर ठेवलं. मग हनुवटी गेली.

आणि ती पुन्हा थांबली. कपाळावर, दिव्याच्या जागी, मसुरीएवढा कागद कोरा होता. तिने पान उजेडाकडे तिरकं धरलं. भोवती सगळीकडे फुल्या होत्या. त्या जागेत एकही नव्हती.

"भर की," लेमबर्ग म्हणाला. "राहून गेली असेल एखादी. त्याला..." त्याने घसा साफ केला. "त्याला तेवढा वेळ मिळाला नसेल."

खाली रस्त्यावर एका ट्रकने भोंगा वाजवला.

"फुली नाही तिथे शाई नाही," मिन्ना म्हणाली.

"अगं, एक ठिपका आहे तो! पोरं पत्रं लिहून जीव खातील माझा. दीपस्तंभ जिवंत आहे की मेला?"

"विचारू दे त्यांना. आम्हीपण विचारतोय."

लेमबर्गने टोपी काढली, आतलं अस्तर पाहिलं, परत घातली. "वाळलं की पुसून दे," तो हळू म्हणाला.

शाई वाळली की पेन्सिल पुसायची, हा रिवाज. ब्लॉकवाल्याला फक्त काळं लागतं. मिन्नाने खोडरबर हातात घेतलं आणि कोपऱ्यातून सुरुवात केली. पूल, धूर, चौघांचे हात, समासातली मापं. पपांच्या हाताची एकेक रेघ शाईखालून निघून गेली. ठिपक्यावरून रबर फिरलं तेव्हा तो आणखी पांढरा झाला.

पावणेचारला लेमबर्ग पान कोटाखाली धरून जिना उतरला.

टेबलावर राखाडी भुगा पडला होता. रोजच्या सवयीने व्हिटो तो उडवायला गाल फुगवून वाकला. मिन्नाने हात आडवा धरला.

"फुंकू नका."

तिने पुठ्ठ्याच्या कडेने भुगा एका जागी आणला. पपांची तंबाखूची डबी उघडली. आत पेन्सिलचं एक थोटूक होतं. भुगा त्याच्यावर पडला, कण न् कण, आणि तिने झाकण लावलं.