वामेचा डबा

"कुणी पाठवला हा?" डब्याकडे बघत हिबिनोनं विचारलं.

"मीच आणलाय," मिसाए म्हणाली. पाठीवर बांधलेली तान्ही लेक, नात्सू, झोपेत तिच्या केसांची बट चोखत होती.

हिबिनोनं झाकण उघडलं नाही. वासावरूनच कळत होतं. भाजलेली वाम मासळी आणि गरम भात. 'राइमेई' या कुस्तीच्या संघात या डब्याचा अर्थ एकच होता. झुंजीच्या आदल्या दिवशी मालक ओनुमा ज्याला वाम खाऊ घालतील, त्यानं हरायचं.

मिसाएच्या नवऱ्याला, इवाकीला, आठ वर्षांत तो डबा एकदाही मिळाला नव्हता. "मालक कसला चिकट! विजेत्याला साधी वाम देत नाही," असं तो हसत सांगे. त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं. म्हणून तर त्याचं जिंकणं इतकं खरं वाटायचं. 'नाटक नाही, खरी झुंज' असे फलक लागायचे, योकोहामाचं मोठं सभागृह भरायचं, बायका त्याचे घामट टॉवेल पळवायच्या. लग्नाआधी मिसाए संघाच्याच कचेरीत होती. डबे तीच मागवायची.

मग टीव्हीवर पिंजऱ्यातल्या झुंजी आल्या. एका ब्राझिलियन मल्लानं तिथं दोघांना कायमचं अंथरुणाला खिळवलं आणि खरी झुंज कशी दिसते ते लोकांना कळलं. राइमेईच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. उद्या कावासाकीत, पालिकेच्या व्यायामशाळेत शेवटचा खेळ होता, इवाकी विरुद्ध हिबिनो. मग संघ बंद.

बंदच करायचं म्हणून ओनुमांनी या वेळी डबा मागवला नव्हता. आणि हिबिनो तालमीत चारचौघांत म्हणाला होता, "इवाकीदादांचा उजवा हात मोडूनच जाणार मी."

मिसाएनं नवऱ्याला एकदा खरं सांगून पाहिलं होतं. तो इतक्या जोरात हसला की नात्सू दचकून रडायला लागली.

"मालकांचा निरोप आहे का, वहिनी?"

"नाही. माझाच." ती गुडघ्यांवर बसली, कपाळ जमिनीला टेकवलं. "शेवटचं एकदा हरा. त्यांना धक्का लावू नका."

"अहो, उठा! पोर पडेल." हिबिनो गडबडला. मग तो आपल्या फुगलेल्या कानाशी चाळा करू लागला. "दादांनी जिंकायला हवंय तुम्हाला? खरंच?"

"हो."

"नंतरचा विचार केलाय?"

"नंतरचं आमचं आम्ही बघू." संघ बंद झाला की इवाकी तिच्या भावाच्या टायरच्या दुकानात बसणार, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला नव्हता.

"दादा बोललेत म्हणजे तुमच्याशी."

"ते सगळंच बोलतात माझ्याशी," ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

हिबिनोनं मान हलवली. झाकण काढलं आणि शेवटच्या शितापर्यंत भात संपवला.

दुसऱ्या दिवशी अकराव्या मिनिटाला इवाकीचा उजवा हात हिबिनोच्या कचाट्यात सापडला. कोपर उलटं वळू लागलं. पहिल्या रांगेत मिसाए खुर्चीतून अर्धी उठली. हिबिनोनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पकड सैल सोडली. इवाकीनं पलटी मारून त्याचा गळा आवळला. हिबिनोनं जमिनीवर दोनदा थाप मारली. हार.

मिसाएला हसू फुटलं, रडूही. नात्सूचे दोन्ही हात धरून तिनं टाळ्या वाजवल्या.

इवाकीनं माइक घेतला. तो लहान मुलासारखा रडत होता. "तो ब्राझिलियन! त्याला सांगा, मी येतोय! आज जिंकलो तरच, असा करार होता. जिंकलो! तीन आठवड्यांनी, पिंजऱ्यात!"

व्यायामशाळा उठून उभी राहिली.

खाली उतरताना हिबिनो मिसाएपाशी थांबला. तिचा चेहरा पाहून त्याचा उतरला.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?" तो म्हणाला. "हात मोडला असता तर दादा घरी राहिले असते, वहिनी."