थांबा, काम चालू आहे

पडदा पुन्हा काळा पडला आणि सुनयनाने कपाळावर हात मारून घेतला.

"बघितलंत आजोबा? काल शाळेत अस्संच झालं. मॅडम म्हणाल्या, 'ये तो हँग हो गया,' आणि सरळ बटण दाबून बंदच केला! यार, हँग कुठे झाला होता? आत पुस्तकं लावत होता बिचारा."

नरसिंहबुवा चष्मा सावरत खुर्ची ओढून बसले. नॉयडाच्या त्या नव्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटरला जागा मिळाली होती ती देवघराशेजारी. वडिलांच्या ऑफिसने मोडीत काढलेला तो डबा. दसऱ्याला बुवांनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं; माथ्यावरचा लाल ठिपका अजून तसाच होता.

दहावीच्या वर्गात मॅडमनी फळ्यावर प्रोजेक्टचे विषय लिहून दिले होते. रेल्वेचं आरक्षण, प्रश्नमंजूषा, शाळेचं वाचनालय. सुनयनाने वाचनालय घेतलं. सहाशे पुस्तकांची नावं यंत्राने एकमेकांशी ताडून अकारविल्हे लावायची. लावायचंही बरोबर, पण तीन मिनिटं घ्यायचं. आणि तेवढा वेळ पडदा काळाठिक्कर. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांनीही बटण दाबलं, की सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

"काम बिघडलेलं नाही ना?" बुवांनी विचारलं.

"बिल्कुल नाही. फक्त शोधाशोधीला वेळ लागतो."

"मग तसं लोकांना सांगत का नाहीस? गप्प बसलं की लोकांना वाटतं, गाडं अडलं." बुवा खुदकन हसले. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पन्नास वर्षं कीर्तनं केली. ऐन रंगात ओवी आठवेना झाली, तर मी काय करतो ठाऊक आहे? दोन्ही हात वर करतो आणि म्हणतो, बोला, जय जय रामकृष्ण हरी! लोक डोळे मिटतात, टाळ्यांचा ठेका धरतात. त्यांना वाटतं, बुवांना भरतं आलं. तेवढ्यात मी मनाच्या आत जाऊन ओवी शोधून आणतो."

"अच्छा! म्हणजे चक्क चीटिंग!"

"चीटिंग कसली गं? नाम तर खरंच घेतात ना लोक? देवाच्या दारात वाट बघणंसुद्धा फुकट जात नाही. तूही तुझ्या लोकांना काहीतरी दे हातात, गिरिजे."

"गिरिजा आत्या पुण्याला असते, आजोबा. मी सुनयना."

"तेच ते. लेक काय नि नात काय," म्हणत बुवांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

सुनयनाने चार ओळी वाढवल्या. वीस पुस्तकं जागेवर बसली, की पडद्यावर आकडा उमटायचा. वीस झाली. चाळीस झाली. थांबा, काम चालू आहे.

सोमवारी परीक्षक हाताची घडी घालून समोर उभे राहिले. दोनशेला त्यांनी घडी सोडली. चारशेला ते स्वतःच मोठ्याने आकडे वाचू लागले. सहाशे झाल्यावर त्यांनी टाळी वाजवली. "शाब्बास, बेटा!" मॅडम अशा हसल्या, जणू बटण त्यांनी कधी दाबलंच नव्हतं.

घरी येऊन तिने आजोबांना पेढा भरवला. "तुमच्या नामाने पास झाले, आजोबा!"

"माझ्या कसल्या? त्याच्या," बुवा देवघराकडे बोट दाखवत म्हणाले.

त्याच आठवड्यात एकादशी होती. सेक्टरच्या हॉलमध्ये बुवांचं कीर्तन होतं. दिल्ली कँटोनमेंटमधली फौजी कुटुंबं बस करून आली होती. सुनयना झांज घेऊन पहिल्या रांगेत आईजवळ बसली. बुवांनी वनात निघालेल्या पाच वर्षांच्या राजपुत्राचं आख्यान लावलं होतं. पन्नास वर्षं घोटलेलं. सुनयनालासुद्धा पाठ होतं.

थोड्याच वेळात बुवांचे हात वर गेले. "बोला, जय जय रामकृष्ण हरी!" सगळा हॉल डोलू लागला. सुनयनाला हसू आवरेना. वीस झाली, ती मनात म्हणाली.

दोन ओव्या झाल्या आणि हात पुन्हा वर गेले. मग पुन्हा. आई भक्तिभावाने कुजबुजली, "बघ गं, हल्ली बाबांचं नाम किती वाढलंय. वर्षभर बघतेय मी. अगदी देवाजवळ गेलेत."

सुनयनाची झांज हातातच राहिली. वर्षभर.

"आणि त्या बाळाला पोटाशी धरून त्याची आई," बुवा म्हणाले, "ती माउली... तिचं नाव..."

ते थांबले. ओठ हलले, पण शब्द आला नाही. हात वर करायचंही या वेळी त्यांना सुचलं नाही. ते नुसतेच समोर बघत राहिले. पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर थबकली. मागे कोणीतरी खाकरलं. कोणीतरी मान उंच करून पाहिलं.

सुनयना उठून उभी राहिली. झांज खणकन वाजवून ती ओरडली, "बोला, जय जय रामकृष्ण हरी!"

क्षणभर सगळे दचकले. मग हॉल गरजला. बुवांनी तिच्याकडे पाहिलं. लबाडी पकडली गेलेल्या मुलासारखे ते किंचित हसले, आणि डोळे मिटून आत गेले.

"आजोबांवर गेलीय हो नात," मागची बाई डोळे पुसत म्हणाली. "एवढ्याशा वयात नामाची केवढी गोडी!"

बुवांचे डोळे अजून मिटलेलेच होते. सुनयनाचे मात्र टक्क उघडे होते, त्यांच्या ओठांवर खिळलेले. घसा सुकला तरी ती थांबली नाही. आत शोध चालू होता, आणि तोवर पडदा काळा पडू द्यायचा नव्हता.