सासूची किडनी

"तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का?"

प्रश्न विचारून अध्यक्ष मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. टेबलापलीकडं अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीचे पाच जण बसले होते. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा थेट बाळाबाईंच्या तोंडाकडं बघत होता. शेजारच्या खुर्चीत त्यांची सून पूर्णिमा मान खाली घालून बसली होती. डायलिसिसच्या सुया टोचून टोचून तिच्या डाव्या हाताची शीर दोरीसारखी वर आली होती. ती तिनं ओढणीखाली झाकली होती.

"दबाव? कुनाचा?" बाळाबाई म्हणाल्या. "छप्पन वर्साची झालो मी. माझ्यावर दबाव टाकनारा अजून जन्माला यायचाय."

दाराजवळ बसलेल्या कारकुनानं हसू दाबलं. "मावशी, जरा हळू. सगळ्यांना ऐकू येतंय."

पूर्णिमाच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन दोन वर्षं झाली होती. नवऱ्याला, यशराजला, साखरेचा आजार. त्याची किडनी घेता येईना. तिच्या भावाचा रक्तगट जुळला नाही. जुळली ती सासूची. पण सासू-सुनेचं नातं कायद्याच्या लेखी जवळचं नव्हे, म्हणून ही समिती आणि म्हणूनच हा कॅमेरा.

"मुलानं आग्रह केला असेल," मॅडम म्हणाल्या.

"त्याला मी रिपोर्ट आल्यावर सांगितलं. ढसाढसा रडाय लागला. त्यो कसला आग्रह करतोय!"

"भीती नाही वाटत?"

बाळाबाईंनी तळहात पदराला पुसले. सकाळी कोडोलीहून एसटीत बसल्यापासून ते ओले होते.

"वाटतीया की. म्हनून तर रोज पहाटं गुडघ्यावर बसतो. भ्या वाटलं नसतं तर देवाला हाका कशाला मारल्या असत्या?"

टेबलाच्या टोकाला एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी फाईलमधून डोकं वर काढलं. "दोन वर्षं प्रार्थना करताय. सून तर बरी झाली नाही."

विचारण्यात कुचेष्टा नव्हती. हा प्रश्न बाळाबाईंनी स्वतःलाच किती वेळा विचारला होता. चर्चमधून सगळे गेल्यावर, रिकाम्या बाकावर एकट्यानं बसून.

"न्हाई झाली," त्या म्हणाल्या. "पयलं वरीसभर मी म्हनायचो, देवा, हिला बरी कर. दुसरं काई तोंडातच नव्हतं. मग एक दिवस म्हनलं, बरं, मग मी काय करू ते तरी सांग. तवापास्नं चाललोय, ते हितं येऊन बसलोय."

"आणि तिच्या शरीरानं किडनी स्वीकारलीच नाही तर? तसंही होतं. तुमची किडनी वाया जाईल."

पूर्णिमानं झटक्यात मान वर केली.

"हेच मी सांगतेय यांना! मला नको. आठवड्यातनं तीनदा मशीनवर झोपेन मी. देवाला बरं करायचं असेल तर तो किडनीशिवायही करेल. पण सासूबाईंना, आमच्या आत्यांना, काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पूर्णिमा, तुमची तयारी नसेल तर ही फाईल इथंच बंद होते."

बाळाबाईंनी खुर्ची ओढून सुनेकडं वळवली. कॅमेऱ्याकडं त्यांची पाठ झाली. कारकून काहीतरी सांगायला उठला, पण मॅडमनी त्याला हातानं थांबवलं.

"पोरी, माझ्याकडं बघ. वाया गेली तर गेली. मी देवासंगं सौदा न्हाई केला, मी किडनी देतो, तू हिला जगीव म्हनून. दिली म्हंजे दिली. फुडचं त्याचं त्यो बघंल. आन् मी काय माझ्या मनानं हितं आलोय व्हय? मी भित्री बाई. सुई बघितली की डोळं झाकतो. मला त्यानं ढकलत आनलंय. नको म्हनायचं तर त्याला म्हन, मला न्हाई."

"म्हणजे दबाव आहे तर," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"हाय की. पर त्याला हितं बोलवून विचारता यायचं न्हाई तुमाला."

मॅडमनी पूर्णिमाकडं पाहिलं. "तुम्ही सांगा. हो की नाही?"

बाळाबाईंनी तिला हात लावला नाही, खुणावलंही नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. पूर्णिमा हळूच म्हणाली, "हो." मॅडमनी तिला पुन्हा, मोठ्यानं म्हणायला लावलं.

मंजुरीचं पत्र परवा मिळेल, असं कारकून सांगून गेला. दोघी व्हरांड्यात आल्या. बाळाबाई बाकावर बसल्या. बोलून बोलून घशाला कोरड पडली होती. समोरच पाण्याचा कूलर होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. डायलिसिसवर असल्यानं पूर्णिमाला दिवसभरात मोजून दोन-तीन पेले पाणी चालायचं. तिच्यासमोर आपण घटाघटा प्यायचं बाळाबाईंच्या जिवावर यायचं. ती आजारी पडल्यापासून त्या घरातही मोरीच्या आडोशाला जाऊन पाणी पीत.

पूर्णिमा उठली. कूलरपाशी जाऊन तिनं पेला काठोकाठ भरला आणि सासूसमोर धरला.

"नगं गं. मला न्हाई तहान."

"प्या, आत्या," पूर्णिमा म्हणाली. "माझी किडनी कोरडी ठेवू नका."